नव्या कलासंग्रहालयाची इमारत आणि उद्घाटनाची प्रदर्शने : आराखड्यापासून पहिल्या फेरबदलापर्यंत

बर्लिनच्या ज्यू संग्रहालयाची नवी इमारत 1999 मध्ये बांधून पूर्ण झाली, पण तिच्यात मांडायचे कायमस्वरूपी प्रदर्शन तयार व्हायला 2001 चा सप्टेंबर उजाडला. मधल्या काळात संग्रहालयाने ती इमारत रिकामीच लोकांना दाखवली आणि सुमारे साडेतीन लाख लोक डॅनियल लिबेस्किंड यांनी रचलेल्या नुसत्या भिंती, तिरके कोन आणि पोकळ्या पाहून गेले. ही हकीकत सहसा वास्तुकाराच्या कौतुकासाठी सांगितली जाते. संग्रहालय उभारणाऱ्या मंडळींनी मात्र तिच्याकडे कामाच्या नजरेने पाहावे. इमारत पूर्ण होण्याची तारीख आणि तिच्यात कलाकृती येण्याची तारीख या दोन वेगळ्या तारखा आहेत, आणि त्या एकच धरल्या की नव्या संग्रहालयाच्या बहुतेक अडचणी तिथून सुरू होतात.

पुढील टप्पे विश्वस्त, क्युरेटर (प्रदर्शनात काय दाखवायचे ते ठरवणारे), वास्तुकार आणि मांडणी करणारे कर्मचारी अशा सर्वांना एकत्र बसून वाचता यावेत अशा बेताने लिहिले आहेत, कारण प्रत्यक्षात ही मंडळी बऱ्याचदा स्वतंत्रपणे काम करतात आणि उद्घाटनाच्या आठवड्यातच समोरासमोर येतात.

पहिला टप्पा : भिंत कागदावर असतानाच प्रदर्शन ठरवा

उद्घाटनाला काय दाखवायचे हा प्रश्न इमारत उभी राहिल्यावर घेतला, तर निम्मी उत्तरे आधीच बाद झालेली असतात. दाराची उंची, फरशीची ताकद, खिडक्यांची दिशा आणि खांबांमधले अंतर हे सगळे ठरून गेलेले असते आणि क्युरेटरच्या हाती उरलेल्या जागेत बसेल ते दाखवणे एवढेच राहते. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. फ्रँक लॉइड राइट यांची ती गोलाकार चढणीची इमारत ऑक्टोबर 1959 मध्ये उघडली, पण त्याच्या तीन वर्षे आधीच 21 चित्रकारांनी पत्र लिहून आक्षेप नोंदवला होता की कललेल्या भिंती आणि उतरती जमीन चित्रे पाहण्यास योग्य नाहीत. तत्कालीन संचालक जेम्स जॉन्सन स्वीनी यांनी यावर तोडगा म्हणून चित्रे भिंतीला न टेकवता धातूच्या दांड्यांवर भिंतीपासून पुढे उभी केली. बर्लिनची नोए नॅशनालगॅलरी 1968 मध्ये मोंद्रियान यांच्या प्रदर्शनाने उघडली, तेव्हा मीस व्हॅन डेर रोह यांच्या काचेच्या प्रचंड दालनात चित्रे टांगायला भिंतच नव्हती, म्हणून छतापासून पांढरे फलक लोंबते सोडून त्यांवर चित्रे लावावी लागली. दोन्ही इमारती आज मानाच्या आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु असे तोडगे आधीपासून आराखड्यात असले तर तो रचनेचा भाग ठरतो आणि ऐनवेळी सुचले तर ती धावपळ ठरते.

उद्घाटनासाठी तीन प्रकारचा ऐवज हाताशी असतो : स्वतःचा संग्रह, दुसऱ्या संस्थांकडून उसनवार आणलेल्या कलाकृती आणि त्या जागेसाठी मुद्दाम करवून घेतलेले नवे काम. नव्या इमारतीने पहिल्या वर्षी मुख्य भर स्वतःच्या संग्रहावर द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने 2015 च्या मे महिन्यात रेंझो पियानो यांनी रचलेल्या नव्या इमारतीत प्रवेश करताना नेमके हेच केले. उद्घाटनाचे मोठे प्रदर्शन संपूर्णपणे आपल्याच संग्रहातून उभे केले आणि नेहमी कोठारात राहणारी कामेही बाहेर काढली. याचा व्यावहारिक फायदा असा की तारीख पुढे गेली, वातानुकूलन बिघडले किंवा एखादे दालन तयार झाले नाही, तर दुसऱ्या कोणाची परवानगी न मागता बेत बदलता येतो. आपल्या संग्रहातली कोणती कामे कणखर आहेत आणि कोणती नाजूक, हेही आपल्यालाच सर्वांत चांगले ठाऊक असते.

मुद्दाम करवून घेतलेले काम इमारतीची खरी परीक्षा घेते, म्हणून निदान एक तरी असावे. लंडनच्या टेट मॉडर्नने 2000 मध्ये जुन्या वीजकेंद्राच्या टर्बाइन हॉलमध्ये लुईज बुर्ज्वा यांचे तीन पोलादी मनोरे उभे केले आणि त्यामुळे ती अवाढव्य जागा नुसती आत शिरण्याची वाट नसून दालनच आहे, हे पहिल्याच दिवशी प्रस्थापित झाले. बिलबाओच्या गुगेनहाइममध्ये 1997 साली रिचर्ड सेरा यांचे पोलादी पत्र्यांचे ‘स्नेक’ हे शिल्प सर्वांत लांब दालनासाठी घडवले गेले आणि त्या खांबविरहित दालनाचे प्रयोजन त्यातून दिसले. असे काम ठरवताना कलाकाराला पूर्ण झालेली इमारत दाखवून भागत नाही. फरशी ओतण्यापूर्वी कामाचे वजन आणि ते फरशीत पक्के रोवण्याचे बिंदू अभियंत्याच्या हाती पडायला हवेत.

मांडणीचा क्रम हाही संग्रहालयाचा जाहीरनामाच असतो. टेट मॉडर्नने आरंभी आपला संग्रह कालानुक्रमे न लावता चार विषयांत विभागला, त्यावर बराच वाद झाला, आणि संस्था कलेच्या इतिहासाकडे कसे पाहते हे त्या वादातूनच सर्वांना कळले. क्रम कोणताही घ्या, पण घेतल्याचे कारण एका परिच्छेदात लिहून सर्व विभागांना द्या, कारण मार्गदर्शक फलकांपासून तिकीट खिडकीवरच्या उत्तरांपर्यंत सगळे त्यावर अवलंबून असते.

दुसरा टप्पा : ताबा घेणे आणि तारीख जाहीर करणे

कंत्राटदाराने किल्ल्या दिल्या म्हणजे संग्रहालय तयार झाले असे नाही. दालनागणिक ताबा घ्यावा आणि ज्या दालनाचा ताबा घेतला तिथे कापणे, घासणे, जोडकाम यांपैकी काहीही पुन्हा होणार नाही, असे लेखी ठरवावे. जिप्समच्या भिंती घासताना उडणारी पांढरी धूळ कित्येक आठवडे हवेत आणि वातानुकूलनाच्या नळ्यांमध्ये राहते. म्हणून ताबा घेतल्यावर आधी वरून खाली संपूर्ण स्वच्छता, मग हवेचे फिल्टर बदलणे, मग काही दिवस यंत्रणा चालवून पुन्हा स्वच्छता, असा क्रम ठेवावा. ही दुसरी स्वच्छता अंदाजपत्रकातून वगळण्याकडे सर्वांचा कल असतो. ती वगळू नये. त्याच काळात धूरसूचक यंत्रांवरचे बांधकामातले प्लास्टिकचे झाकण निघाले आहे ना, हे एकेक यंत्र पाहून तपासावे.

उद्घाटनाची नेमकी तारीख या टप्प्यानंतरच जाहीर करणे शहाणपणाचे आहे. निधी देणाऱ्यांना आधीच तारीख हवी असते, हे खरे; त्यांना ऋतू सांगावा, दिवस सांगू नये.

तिसरा टप्पा : हवा आणि ओल

नवे काँक्रीट बाहेरून कोरडे दिसले तरी आतली ओल महिनोन्महिने बाहेर टाकत असते. जपानमधील संशोधकांनी 1960 च्या दशकातच दाखवून दिले होते की ताज्या काँक्रीटच्या इमारतीतील हवेत अल्कधर्मी कण असतात आणि ते तैलरंगांसारख्या पदार्थांवर परिणाम करतात. त्यामुळे तेथे नवी संग्रहालये कलाकृती आणण्यापूर्वी काही काळ वाळू देण्याची पद्धत रूढ झाली. दुसरा धोका उलट बाजूचा, म्हणजे आम्लधर्मी वाफांचा. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचे दाबून केलेले फलक), काही प्रकारचे प्लायवूड, तैलयुक्त रंग आणि आंबट वास येणारे सिलिकॉन यांतून निघणारी आम्ले शिसे गंजवतात, कागद पिवळा करतात आणि बंद काचपेटीत तर साचून राहतात.

म्हणून काचपेट्यांसाठी वापरायची प्रत्येक वस्तू, म्हणजे पाट्या, कापड, गोंद, रंग, रबराच्या पट्ट्या, आधी तपासून घ्यावी. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी 1973 मध्ये मांडलेली चाचणी आजही जगभर वापरली जाते. बंद काचपात्रात त्या वस्तूचा नमुना, थोडे पाणी आणि चांदी, तांबे व शिसे यांचे तुकडे ठेवून ते 60 अंश सेल्सिअसला 28 दिवस ठेवतात आणि धातूंवर डाग वा गंज आला का, ते पाहतात. लक्षात ठेवण्याजोगा आकडा 28 हाच आहे : चाचणी अयशस्वी ठरली तर नवा माल मागवून पुन्हा 28 दिवस जातात. भिंतींच्या रंगासाठी पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग घ्यावा आणि शेवटच्या हातानंतर तीन ते चार आठवडे हवा खेळती ठेवावी. क्युरेटरला शेवटच्या क्षणी भिंतीचा रंग बदलावासा वाटतो, तेव्हा हा हिशेब त्याच्यासमोर ठेवावा.

यानंतर रिकाम्या दालनांत तापमान आणि सापेक्ष आर्द्रता यांची अखंड नोंद सुरू करावी. पूर्वी सर्वत्र 20 अंशांच्या आसपास तापमान आणि 50 टक्के आर्द्रता इतका काटेकोर आग्रह असे. आता मोठ्या संग्रहालयांच्या बिझो गटाने स्वीकारलेल्या धोरणानुसार बहुतेक वस्तूंसाठी 16 ते 25 अंश आणि 40 ते 60 टक्के ही मर्यादा चालते, मात्र चोवीस तासांतला चढउतार 10 टक्क्यांहून जास्त नसावा. या शिथिलतेमुळे वीज वाचते. लाकडी फलकावरची चित्रे, हस्तिदंत किंवा लाखेचे काम अशा वस्तूंना मात्र अधिक स्थिर हवा लागते आणि त्यांच्यासाठी संपूर्ण दालनापेक्षा हवाबंद काचपेटी हा स्वस्त उपाय आहे.

नोंद घेणारी यंत्रे दालनाच्या मध्यभागी एकच न ठेवता बाहेरच्या भिंतीजवळ, हवेच्या झोताखाली, छताजवळ आणि दारापाशी ठेवावीत. सरासरी नेहमी चांगलीच दिसते. खरी माहिती बाहेरच्या थंड भिंतीला चिकटलेल्या यंत्राकडून मिळते.

चौथा टप्पा : प्रकाश

नव्या इमारतीचे कौतुक बहुधा तिच्या उजेडाचे असते. टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे लुई कान यांनी 1972 मध्ये पूर्ण केलेल्या किंबेल संग्रहालयात कमानदार छताच्या माथ्यावर लांब फट आहे. तिच्यातून येणारे ऊन खाली लावलेल्या छिद्रित अ‍ॅल्युमिनियमच्या परावर्तकांवर पडते, तेथून काँक्रीटच्या छतावर उधळते आणि मगच चंदेरी होऊन दालनात उतरते. थेट ऊन चित्रांपर्यंत पोहोचत नाही, हे तिथले खरे कसब.

थेट ऊन पोहोचले तर काय होते, याचा धडा हार्वर्ड विद्यापीठाला मिळाला. मार्क रॉथको यांची मोठी भित्तिचित्रे 1964 मध्ये तेथील प्रचंड खिडक्यांच्या एका भोजनगृहात लावली गेली. त्यांतल्या किरमिजी छटांमध्ये लिथॉल रेड हे प्रकाशात टिकाव न धरणारे रंगद्रव्य होते आणि चित्रे इतकी फिकटली की 1979 पर्यंत ती उतरवून कोठारात ठेवावी लागली. 2014 मध्ये विद्यापीठाची कलासंग्रहालये नूतनीकृत इमारतीत उघडली, तेव्हा उद्घाटनाच्या प्रदर्शनात हीच चित्रे होती. चित्राला हात न लावता, प्रोजेक्टरमधून प्रत्येक बिंदूवर नेमका हवा तेवढा रंगीत प्रकाश पाडून मूळ रंग डोळ्यांना दाखवले गेले. स्वतःच्याच संस्थेतल्या नुकसानीवर नव्या इमारतीचे पहिले प्रदर्शन करायला धैर्य लागते, हे जाता जाता सांगायला हवे.

प्रकाशाचा हिशेब तीव्रता आणि वेळ यांच्या गुणाकाराने होतो. तैलचित्रांसाठी 200 लक्स (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक), तर जलरंग, रेखाचित्रे, कापड आणि छायाचित्रे यांसाठी 50 लक्स ही रूढ मर्यादा आहे; पण 50 लक्स पाळले म्हणजे काम झाले असे नाही. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या 2004 च्या शिफारशींनुसार रेशीम आणि सहज उडणारी रंगद्रव्ये यांच्यासाठी वर्षाची मर्यादा 15,000 लक्स-तास आहे. दालन रोज 8 तास उजळलेले असेल तर 50 गुणिले 8 म्हणजे दिवसाला 400 लक्स-तास होतात आणि वर्षाचा वाटा 37 दिवसांत संपतो. साफसफाई, पाहुण्यांना आगाऊ फेरी, छायाचित्रण आणि मांडणीच्या रात्री यांतले तासही यात मोजावे लागतात. नव्या संग्रहालयात उद्घाटनापूर्वीच निम्मा वाटा खर्च होऊ शकतो, म्हणून अशी कामे शेवटच्या दिवशी लावावीत आणि तोवर झाकून ठेवावीत.

नैसर्गिक उजेडाच्या दालनात लक्समापक एकदाच फिरवून उपयोग नाही. सकाळी, दुपारी आणि मावळतीला, शिवाय वर्षाच्या वेगवेगळ्या ऋतूंत, भिंतीवर नेमक्या कोणत्या पट्ट्यात ऊन सरकते याच्या खुणा आराखड्यावर कराव्यात. हिवाळ्यातला कलता सूर्य उन्हाळ्यात न दिसलेली फट शोधून काढतो.

पाचवा टप्पा : वाट, फरशी, भिंत

सर्वांत मोठ्या क्रेटच्या, म्हणजे कलाकृती वाहून आणणाऱ्या पेटीच्या, मापाची हलक्या लाकडी पट्ट्यांची चौकट तयार करा आणि ती मालवाहू गाडीच्या धक्क्यापासून दालनापर्यंत दोन माणसांना चालवायला लावा. लिफ्टचे दार, वळण, चौकटीवरचे दिवे, जिन्याचा कठडा यांपैकी काय आड येते ते तासाभरात कळते. आराखड्यावर दाराची रुंदी लिहिलेली असते, पण दार पूर्ण उघडल्यावरही पल्ला किती जागा खातो, ते लिहिलेले नसते.

युरोपीय मानकांत संग्रहालयाच्या दालनांसाठी फरशीवर दर चौरस मीटरला 3 ते 5 किलोन्यूटन भार धरतात. ढोबळमानाने हे 300 ते 500 किलो झाले. दोन टनांचे कांस्यशिल्प लहान पायावर उभे असेल तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि उचलण्याचे यंत्र, क्रेट व शिल्प एकाच ठिकाणी थांबले तर आणखीच. भार पसरवणारे पोलादी पत्रे आणि यंत्राची ठरलेली वाट अभियंत्याकडून लिहून घ्यावी. भिंतींत जिप्सम बोर्डामागे सलग 18 मिलीमीटर प्लायवूड असले की कुठेही स्क्रू मारता येतो. ते नसेल तर प्रत्येक प्रदर्शनाला भिंतीत आधार शोधत फिरावे लागते.

सहावा टप्पा : उसनवारीच्या कलाकृती

दुसऱ्या संस्थेकडून कलाकृती मागताना सुविधा-अहवाल द्यावा लागतो. त्यात सुरक्षा, अग्निशमन, हवा, प्रकाश, माल उतरवण्याची जागा आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांची माहिती असते. नव्या इमारतीची अडचण उघड आहे : हवेच्या नोंदीचा रकाना रिकामा असतो. जाणती संस्था आश्वासनावर नव्हे, नोंदीवर विश्वास ठेवते, त्यामुळे तिसऱ्या टप्प्यातली यंत्रे जितकी लवकर लावाल तितकी लवकर मोठी उसनवारी शक्य होईल. पहिल्या प्रदर्शनात काही मोजकीच उसनी कामे घ्यावीत आणि मोठे उसनवारीचे प्रदर्शन दुसऱ्या वर्षी ठेवावे.

क्रेट आल्यावर ते न उघडता दालनाच्या हवेत 24 तास ठेवण्याचा दंडक आहे. त्यानंतर देणाऱ्या संस्थेच्या प्रतिनिधीसमोर, तिरप्या प्रकाशात, कलाकृतीचा स्थिती-अहवाल लिहावा. ‘चौकटीला किरकोळ ओरखडे’ असे वाक्य निरुपयोगी आहे. ‘खालच्या पट्टीवर, डाव्या कोपऱ्यापासून 12 सेंटिमीटरवर, 3 सेंटिमीटर लांबीचा आडवा ओरखडा, सोनेरी वर्ख निघालेला’ असे लिहिले तर परतीच्या वेळी वाद होत नाही.

सातवा टप्पा : मांडणी

आधी जड शिल्पे, मग मोठी चित्रे, मग लहान चित्रे, मग काचपेट्या, आणि सर्वांत शेवटी कागदी कामे, असा क्रम ठेवावा. दिव्यांची दिशा चित्रे लागल्यावरच ठरवता येते आणि त्यासाठी शिडी पुन्हा दालनात आणावी लागते, हे गृहीत धरून काचपेट्यांमध्ये पुरेशी वाट सोडावी.

चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 155 सेंटिमीटरवर ठेवण्याची पद्धत आहे. मध्य 150 धरला, चित्र 90 सेंटिमीटर उंच असले आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून 8 सेंटिमीटर खाली येत असली, तर हुकाची उंची 150 अधिक 45 उणे 8, म्हणजे 187 सेंटिमीटर होते. तार हाताने नव्हे, चित्राच्या वजनाइतकी ताणून मापावी. नव्या इमारतीतही फरशी सर्वत्र समतल असेलच असे नाही, त्यामुळे एका भिंतीसाठी लेसरने एकच आडवी रेषा काढून सर्व मापे तिच्यावरून घ्यावीत.

माहितीचे फलक चाकाच्या खुर्चीत बसलेल्या व्यक्तीलाही वाचता येतील अशा उंचीवर, ठळक अक्षरांत आणि चित्रावर सावली न पडता वाचता येतील अशा जागी लावावेत. दालनाच्या मुख्य फलकावर शंभराहून अधिक शब्द फारसे कोणी वाचत नाही. इमारतीचे कौतुक या फलकांवर नको, त्यासाठी प्रवेशद्वाराजवळ वेगळी जागा द्यावी.

आठवा टप्पा : चाचणीचे दिवस

रिकाम्या दालनात स्थिर असलेली हवा गर्दीत स्थिर राहीलच असे नाही. शांत उभा असलेला माणूस सुमारे 100 वॉट उष्णता आणि तासाला निदान 50 ग्रॅम पाण्याची वाफ सोडतो. म्हणजे 300 माणसांनी 30 किलोवॉट उष्णता आणि तासाला 15 लिटर पाणी दालनात आणले. पावसाळी दिवशी भिजलेले कपडे आणि छत्र्या यांची त्यात भर पडते. म्हणून उद्घाटनाच्या पाहुण्यांना एकाच दालनात गोळा न करता तुकड्यांनी सोडावे आणि भाषणे, फुले व खाद्यपदार्थ कलादालनांच्या बाहेर ठेवावेत.

त्याआधी निदान दोन-तीन दिवस ओळखीच्या लोकांना, शाळांच्या गटांना आणि बांधकामावर राबलेल्या कामगारांना कुटुंबासह बोलवावे. लोक कुठे थबकतात, कोणत्या दाराने चुकून परत फिरतात, कोणत्या शिल्पाला पिशवी लागते आणि स्वच्छतागृह कुठे आहे हे कितीदा विचारतात, याची नोंद दालनातल्या रक्षकांनी ठेवावी. याच दिवसांत एकदा इमारत पूर्ण रिकामी करण्याचा सराव करावा आणि आपत्तीत कोणती कलाकृती आधी हलवायची याची यादी प्रत्येक मजल्यावर ठेवावी. व्हिटनीचे बांधकाम चालू असताना 2012 च्या सँडी वादळात नदीचे पाणी जागेत शिरले, आणि त्यानंतर पुरापासून संरक्षणाची योजना नव्याने आखावी लागली.

नववा टप्पा : पहिला फेरबदल

उद्घाटन आटोपल्यावर कर्मचारी थकलेले असतात आणि कागदी कामांची प्रकाशात राहण्याची मुदत नेमकी तेव्हाच संपत येते. म्हणून पहिल्या फेरबदलाच्या, म्हणजे ती उतरवून दुसरी कामे लावण्याच्या, तारखा, पर्यायी कामांची यादी आणि त्यांच्या तयार चौकटी उद्घाटनापूर्वीच हाताशी असाव्यात. शक्यतो उतरवायच्या कामाच्याच मापाचे पर्यायी काम निवडावे, म्हणजे भिंतीला नवी छिद्रे पडत नाहीत, रंगाचा नवा हात लागत नाही आणि दालन एका सकाळीत पुन्हा उघडता येते. काचपेटी उघडलीच आहे तर आतल्या वाफांची खूण म्हणून ठेवलेल्या धातूच्या पट्ट्या पाहाव्यात. त्या काळवंडल्या असतील तर पेटीच्या साहित्याची चाचणी पुन्हा करावी, आणि निकाल येईपर्यंत तिच्यात नवी वस्तू ठेवू नये.